पाहुण्यांचा भार

पहिल्यांदा गेले ती बसने. चाळीस माणसं, पाच दिवस, समाजकार्याचे सहा प्रकल्प, आणि वाटेत लोणारचं सरोवर वर टाकलेलं. पत्रकावर ठळक अक्षरात 'प्रेरणादायी सहल'. मी नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. सत्तावीस वर्षं काउंटरमागे काढल्यावर कुठून तरी प्रेरणा मिळाली तर हवीच होती.

त्या सहलीत काय पाहिलं ते आता धड आठवत नाही. दोन गोष्टी मात्र डोक्यातून जात नाहीत. एका ठिकाणी आम्ही उतरलो तेव्हा तिथली मुलं जेवायला बसली होती. आमच्यातल्या एका काकांनी त्यांना पंगतीतून उठवून ओळीत उभं केलं, कारण उजेड चालला होता आणि फोटो राहिला असता. ताटांतला भात निवत होता. दुसऱ्या ठिकाणी आम्ही घरोघरी फिरून जमवलेल्या जुन्या कपड्यांची सहा पोती उतरवली. तिथल्या बाई "या, दाखवते" म्हणाल्या आणि एका खोलीचं दार उघडलं. आत छतापर्यंत पोती. चेन गेलेल्या पँटी, नऊवारीचे अर्धे तुकडे, लग्नातला एक फेटासुद्धा. "हे निवडायला दोन माणसं अडकतात," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन भाचीला हौसेने फोटो दाखवले. तिने सगळे पाहिले आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही राणीची बाग करून आलात."

दोन वर्षांनी तीच म्हणाली, परत जाऊ या. एक नोकरी सोडून दुसरी धरायच्या मधला महिना तिच्याकडे होता. अट एकच, बस नको.

तयारीला दीड महिना लागला. तिकिटं दहा मिनिटांत झाली. वेळ गेला तो पत्रात. आम्ही कोण, किती दिवस येऊ इच्छितो, तुमच्या कामात अडचण होणार असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा, असं प्रत्येक ठिकाणी लिहायचं ठरलं. मी पहिल्या मसुद्यात 'समाजकार्य जवळून अनुभवण्याची तीव्र इच्छा' असं लिहिलं होतं. भाचीने त्यावर काट मारली आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय करणार तिथे?" मला सांगता येईना. शेवटी लिहिलं: दोघी आहोत, कामाला लावलंत तर करू, नाही लावलंत तर बाजूला बसू, राहण्याजेवण्याचे पैसे देऊ. यादीत सहा ठिकाणं होती ती तीनवर आणली. हेमलकसा गाळताना मला वाईट वाटलं. 1973 साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे गेले तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती, आणि आता लोकबिरादरी प्रकल्पाचं नाव न ऐकलेला मराठी माणूस सापडायचा नाही. भाचीचं म्हणणं, म्हणूनच नको. "तिथे आपण गेलो नाही तर कुणाचं काही अडणार नाही. उलट दोन ताटं कमी." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गडचिरोलीतल्या मेंढा गावाहून फोन आला तो ध्यानात राहिला. "या. पण मार्चात मोहाचे दिवस राहतात. सकाळी कोणी सापडणार नाही. पाहायचंच असेल तर मग वेचायला या."

मुंबईहून सेवाग्राम एक्स्प्रेसने वर्धा, तिथून एसटीने हिंगणघाट, वरोरा. आनंदवन वरोऱ्याला लागूनच आहे. पहिल्या सहलीत इथे आम्ही दोन तास होतो. त्यातला अर्धा तास बाबा आणि साधनाताईंच्या समाधीपाशी गेला आणि पाऊण तास विक्री केंद्रात. बाबा आमट्यांनी 1951 साली खडकाळ माळावर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन सुरुवात केली, ही गोष्ट आम्हाला शाळेपासून पाठ. पाठ असलेल्या गोष्टीची पंचाईत अशी की पुढचं काही ऐकूच येत नाही.

या खेपेला आम्ही विणकामाच्या शेडमध्ये बसलो. एक म्हातारी बाई मागावर होत्या. दोन्ही हातांची बोटं पेरापर्यंतच. धोटा मात्र असा जायचा की नजर ठरू नये. भाचीला त्यांनी तुटलेला धागा जोडायला दिला. तिने गाठ मारली, बाईंनी ती अंगठ्याच्या कडेने चाचपली आणि सोडवली. दुसरी मारली, तीही सोडवली. "तुले दहा बोटं हायत ना माय?" शेड हसली. भाचीही हसली, पण लाल झाली होती. तिसरी गाठ राहू दिली. मला वाटतं कंटाळून.

त्यांची कहाणी मी विचारली नाही. मागच्या वेळी बसमधल्या प्रत्येकाने प्रत्येकाला तेच विचारलं होतं: घरचे येतात का भेटायला? या बाईंनी आम्हाला काय सांगितलं, तर सुताचा भाव, यंदाची थंडी, आणि शेजारच्या मागावरचा गडी कसा कामचुकार आहे ते. दोन दिवसांत तेवढीच ओळख झाली.

पुढे चंद्रपूर, मूल, सावली. व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. सगळ्या जिल्ह्यात एकच स्टेशन, ते वडसा-देसाईगंजला. कंडक्टरने आम्हाला विचारलं, "ड्युटीवर चालल्या का?" बाहेरून बाई माणूस येते ती बदली होऊनच, असा हिशेब असावा.

शोधग्राम धानोरा रस्त्यावर, चातगावजवळ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 पासून या जिल्ह्यात आहेत, शोधग्राम हे त्यांच्या 'सर्च' या आरोग्यसंस्थेचं ठिकाण. दवाखान्याचं नाव माँ दंतेश्वरी, म्हणजे इथल्या गोंडांची देवी. लोकांना मोठ्या इमारतीची भीती वाटते, म्हणून दवाखाना गावासारखाच, झोपड्यांसारख्या छोट्या इमारतींचा बांधलेला. हे मी वाचून गेले होते. पण मला तिथून पुढे नेऊन सोडलं ते एका आरोग्यदूत बाईच्या ओट्यावर, आणि या सगळ्या प्रवासातलं मला सर्वांत जास्त आठवतं ते तो ओटा.

संस्थेचा कार्यकर्ता आम्हाला घेऊन गेला तेव्हा त्या लाखोळीची डाळ पाखडत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं नाही, पाखडतच बोलल्या. आधी आम्हाला वाटलं आम्ही नकोसे आहोत. मग कळलं, संध्याकाळच्या आत डाळ व्हायला हवी होती, एवढंच.

थोड्या वेळाने आतून पिशवी आणली. तीत बाळाला झोळीत घालून वजन करायचा ताणकाटा, थर्मामीटर, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि तोंडावर धरायचा मास्क, आणि एक लाकडी पाटी. पाटीवर तारेत मणी ओवलेले, शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. पाटीवरच्या मण्यांनी पोरं पाढे शिकतात, तसंच दिसणारं. "हे श्वास मोजाचं," त्या म्हणाल्या. घड्याळ उलटं करायचं, बाळाचं पोट वरखाली होतं ते पाहायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपली की मणी पाहायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ आणि वर गेले तर न्यूमोनियाची शंका. शंभरापर्यंत आकडे न येणाऱ्या बाईलाही दहापर्यंत मोजता येतं, म्हणून ही युक्ती.

त्यांनी भाचीला पाटी दिली आणि ओट्यावर झोपलेल्या नातवाकडे बोट दाखवलं. सात-आठ महिन्यांचा, उघडा, घामेजलेला. भाची गुडघ्यावर बसली. पहिल्यांदा वाळू संपली तरी ती चौथ्या दहात अडकली होती, कारण बाळाने मधेच उसासा टाकला आणि तो एक धरायचा की दोन तिला कळेना. "पुन्हा." दुसऱ्यांदा तिने श्वास मोजताना स्वतःचाच श्वास रोखून धरला आणि मधेच खोकला आला. तिसऱ्यांदा जमलं. तोवर बाई डाळ पाखडून मोकळ्या झाल्या होत्या आणि म्हणाल्या, "अंधारात, कंदिलाच्या उजेडात मोजून पाहा मग. आणि बाळाची आजी मागून म्हणत राहते, देवऋष्याले बोलवा."

1988 साली या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 121 वर्षाच्या आत दगावत होती. आधी न्यूमोनियावर काम झालं. मग 39 गावांत अशा बायकांना शिकवून नवजात बाळांवर घरीच उपचार सुरू झाले, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्यापर्यंत. गावातल्या चार-पाच यत्ता शिकलेल्या बाईने चार दिवसांच्या बाळाला सुई टोचायची, हे ऐकून शहरातल्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या नसतील तरच नवल. 2003 पर्यंत ते 121 हजारी 30 वर आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ही पद्धत गेली. हे सगळं बाईंना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःहून सांगितलं ते वेगळंच. पहिलं इंजेक्शन दिलं त्या रात्री त्या घरी गेल्याच नाहीत, बाळंतिणीच्याच घरात दाराशी बसून राहिल्या. "काही झालं असतं तर सकाळी गावात तोंड कसं दाखवलं असतं?"

आणि झालं का काही कधी?

"हाव. झालं." एवढंच. सूप उचलून आत गेल्या. आम्हाला संस्थेच्या जीपने परत नेलं. वाटेत कुणीच फार बोललं नाही. बसमधल्या सहलीत हे उत्तर मिळालंच नसतं, कारण तिथे सगळे यशच विचारायचे.

मेंढा त्याच रस्त्याने पुढे, धानोऱ्याच्या अलीकडे. शेजारच्या लेखा गावामुळे सगळे 'मेंढा-लेखा' म्हणतात. शंभरेक घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथली. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे साथी मोहन हिराबाई हिरालाल ही नावं या गावाबरोबर घेतली जातात, पण आम्हाला भेटली ती घोषणेखालची रोजची माणसं.

इथे मतदान होत नाही. ग्रामसभेत एकजण जरी 'नाही' म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. त्याचं समाधान होईपर्यंत, किंवा बाकीच्यांना त्याचं पटेपर्यंत. निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. त्यात बाहेरचा माणूसही बसून बोलू शकतो, पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तिथे बाहेरच्याचं काम नाही. मी हे ऐकताना आमच्या सोसायटीचा विचार करत होते. लिफ्ट बदलायची की दुरुस्त करायची यावर आमच्याकडे तीन वार्षिक सभा, एक वकिलाची नोटीस आणि दोन कुटुंबांचा कायमचा अबोला झालाय, तेही बहुमताने.

पहिल्या संध्याकाळी कार्यालयापुढे सात-आठजण बसले होते. मी वही काढली. तर त्यांनीच सुरू केलं. डोंबिवलीत किती माणसं राहतात? तुमच्या बिल्डिंगीचा निर्णय कोण घेतं? पाणी कुठून येतं? आम्ही राहतो एमआयडीसीच्या निवासी भागात, तिथे बारवी धरणाचं पाणी, ते मी ऐटीत सांगितलं. पुढचा प्रश्न एका म्हाताऱ्याचा: "धरणात गेलेले गाव कोणते?"

बारवीची उंची वाढवली तेव्हा मुरबाडकडची गावं उठली, हे मी पेपरात वाचलं होतं. नाव एकाचंही येईना. इंचमपल्ली आणि भोपालपट्टनमच्या धरणांविरुद्ध 1980च्या दशकात 'जंगल बचाव, मानव बचाव' म्हणत उठलेल्या भागातल्या माणसापुढे मी बसले होते. कुणी टोमणा मारला नाही. म्हातारबाबांनी तंबाखू मळली आणि विषय बदलला. मी वही मिटून ठेवली, नंतर तिथे असेपर्यंत उघडलीच नाही.

पहाटे साडेचारला दार वाजलं. मोहाला. गावातल्या बायका, पोरं, टोपल्या, एक टॉर्च, दोन कुत्री. एकटं जायचं नाही, कारण मोहफुलं अस्वलालाही आवडतात, आणि अलीकडे वाघाचीही धास्ती आहे. झाडं वाटून घेतलेली असतात. कुणाचं कुठलं झाड ते पोरांनाही पाठ. आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्यांच्या झाडाखाली आदल्या दिवशीच पाला झाडून जमीन स्वच्छ केलेली. उजाडायच्या आधी तिथे काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. टप. थोड्या वेळाने दोन, टप टप. गोडूस, आंबूस, थोडा नकोसा वास. मग हळूहळू जमीन पांढुरकी दिसायला लागते.

फूल म्हणजे द्राक्षाएवढा मांसल मणी. बोटांना चिकटतं, जोरात धरलं तर फुटतं. घरची बाई दोन्ही हातांनी वेचत होती, तिची टोपली भरली तेव्हा माझी जेमतेम बूड झाकण्याइतकी झाली होती. तासाभराने कंबर धरली. सत्तावीस वर्षं खुर्चीत बसल्याचा हिशेब त्या झाडाखाली झाला. मी उठून उभी राहिले तेव्हा त्यांची आठेक वर्षांची मुलगी आली आणि न बोलता माझ्या वाट्याची जागा वेचून गेली. अंगणात पसरल्यावर ही फुलं दोन-चार दिवसांत तपकिरी होतात आणि वजनाला निम्म्याच्याही खाली येतात. वर्षाचा मीठ-मिरचीचा खर्च यात निघतो, असं बाई म्हणाली. मोहाची दारू होते हेच आम्हाला ठाऊक. तिने दुपारी मोह घालून केलेल्या भाकरीचा तुकडा दिला. गूळपोळीच्या चुलतबहिणीसारखा.

तिथून परतताना बांबूच्या बेटांतून आलो, तेव्हा घरच्या भाऊंनी जंगलाचं सगळं सांगितलं. बांबू म्हणजे झाड की गवत, इथून भांडण. वन कायद्याच्या लेखी 2017 पर्यंत तो झाड होता, म्हणून वनखात्याचा. 2006 च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनउपज, म्हणून गावाचा. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाच्या सामूहिक हक्काचा कागद हाती आला, पण बांबू तोडून बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना खात्याकडेच. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झालं. भाऊ हे सांगताना मधेच थांबून कोवळ्या बांबूंवर पडलेली वाळकी फांदी बाजूला करत होते. बोलणं चालू, हात चालू.

मला राहवलं नाही. विचारलं, आमच्यासारखे किती येतात?

"लय येतात."

त्रास होत नाही?

ते हसले. "होते ना. पण तुम्ही मोह वेचला." जरा थांबून म्हणाले, "थोडासा."

निघताना राहण्याजेवण्याचे पैसे विचारून दिले, पावती घेतली. त्यांनी एकच मागितलं: काही लिहिलंत तर आम्हाला पाठवा. बाहेरचे येतात, लिहून नेतात, मग आमच्याबद्दल काय छापलं ते आम्हालाच कळत नाही.

डोंबिवलीला आल्यावर मी आठ दिवस खपून चार पानं लिहिली. त्यात वाक्य होतं, 'सरकारने 2009 साली मेंढा गावाला 1,800 हेक्टर जंगल दिले.' भाचीने वाचली, शुद्धलेखन सुधारलं, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवली. महिनाभर काही उत्तर नाही. तेंदूपत्त्याचे दिवस, कोण वाचतंय, असं आम्ही समजलो.

मे अखेरीस पानं परत आली. कुणीतरी प्रिंट काढून, पेनाने दुरुस्त करून, पुन्हा फोटो काढला होता. एका ठिकाणी गोंडी शब्द मी चुकीचा ऐकला होता, तो नीट लिहिलेला. मोहाच्या टोपलीबद्दलचं वाक्य तसंच ठेवलेलं, शेजारी उद्गारचिन्ह. आणि जंगलाच्या वाक्यातल्या 'दिले' या शब्दाभोवती गोल करून वर लिहिलं होतं: 'जंगल होतेच. हक्क मान्य केला.'